बाजाराची पिशवी खुंटीवरच का राहते?



सवलतीच्या साखरेचे वाटप असते त्या दिवशी गोडाऊनसमोरची रांग एकदा नीट बघावी. कुणाच्या हातात घट्ट विणीची कापडी पिशवी, कुणाच्या खांद्यावर युरियाचे रिकामे पोते, तर कुणी नुसताच हात हलवत आलेला. या तिसऱ्या मंडळींचा प्रश्न ठरलेला, "साहेब, एखादी पिशवी मिळंल का हो?" त्यांच्या घरात पिशव्या नसतात असे नाही. लग्नाच्या बस्त्याबरोबर कापडवाल्याने दिलेल्या दहा-वीस पिशव्या ट्रंकेत घडी घालून पडलेल्या असतात. येताना तेवढी एक हातात घ्यायची राहून जाते.

पूर्वी बाजाराची पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवलेली असायची. वाणी कागदाच्या पुड्या दोऱ्याने बांधून द्यायचा. तेलाला किटली आणि मटणाला झाकणाचा डबा घरूनच न्यायचा. पिशवी विसरली तर भाजी धोतराच्या सोग्यात नाही तर लुगड्याच्या ओच्यात आणावी लागे, म्हणून सहसा कुणी विसरत नसे. पुढे पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, दुकानदार त्या फुकट देऊ लागला आणि आपली सवय सुटली. फुकटच्या पिशवीची किंमत नंतर कुठे मोजावी लागते, ते आम्हाला आमच्याच गोठ्यात कळले.

गाठ आमच्याच घरची

एका पावसाळ्यात आमची दुभती म्हैस वैरणीला तोंड लावीना. रवंथ बंद झाला, डावी कूस फुगली. आधी घरगुती उपाय झाले, त्यात दोन दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनी डाव्या कुशीवर छेद घेऊन कोटीपोट उघडले आणि आतून घमेलेभर प्लास्टिकचा गुंता बाहेर काढला. त्यातल्या एका पिशवीची गाठ तशीच शाबूत होती. बाजारातून ती पिशवी आम्हीच आणली होती, आणि खरकटे भरून, गाठ मारून उकिरड्यावर भिरकावली होती तीही आम्हीच. दुसऱ्या कुणावर बोट ठेवायला जागा नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "जनावराला गाठ सोडता येत नाही. आतल्या अन्नाच्या वासाने ते पिशवीसकट गिळतं. मग ते पचतही नाही अन् पुढंही सरकत नाही." म्हैस वाचली, पण त्या वेताचे दूध गेले.

जे जनावराच्या पोटात जात नाही ते शेतात येते. उकिरड्याचे शेणखत आपण ट्रॉली भरून उसाला घालतो. त्याबरोबर पिशव्यांच्या चिंध्याही सरीत पडतात आणि पुढे वर्षानुवर्षे नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येत राहतात. चारीच्या मोरीत दोन-चार पिशव्या अडकल्या की रात्रीच्या पाळीचे पाणी तुंबते, बांध फुटतो आणि अंधारात चिखल तुडवत मोरी उपसावी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गटारे आणि नाले तुंबवण्यात याच पिशव्यांचा हात होता. काहीजण पिशव्या पाचटात टाकून पेटवून देतात. तसे मुळीच करू नये. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि पाचट तर जाळायचेच नाही, सरीत कुजवायचे आहे.

राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद असे त्यात ठरले. पण दंडाच्या भीतीने किती दिवस चालणार? गिऱ्हाईक पिशवी मागते, म्हणून दुकानदार काउंटरखालून काढून देतो. मागणे आपण थांबवले तर देणेही थांबेल.

पिशवी निवडावी कशी?

पहिली गोष्ट, कापडासारखे दिसते ते सगळे कापड नसते. दुकानात मिळणाऱ्या रंगीत, बारीक ठिपक्यांच्या, न विणलेल्या पिशव्या पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. शंका आली तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. प्लास्टिकचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो.

रोजच्या बाजाराला जाडसर मांजरपाट किंवा ड्रिल चांगले. घरी शिवायची तर जुन्या सुती पँटचे कापड उत्तम. विरलेले धोतर किंवा जुने लुगडे एकपदरी वापरू नये, दुपदरी शिवावे. साधारण १५ इंच रुंद आणि १७ इंच उंच पिशवीत आठ-दहा किलो वाणसामान बसते. याहून मोठी पिशवी भरली तर उचलवत नाही.

पिशवी फाटते ती बहुधा बंदाशी. म्हणून बंद नुसता तोंडाशी न टाचता पिशवीच्या अंगावरून खाली तळापर्यंत नेऊन शिवावा, म्हणजे ओझे बंदावर येते, कापडावर येत नाही. तळाला दुहेरी शिलाई हवी. बंद फार लांब ठेवू नयेत, मोटारसायकलला अडकवलेली पिशवी चाकात जाण्याची भीती असते.

साखरेला वेगळी पिशवी असावी. विरळ विणीतून साखर गळते, आणि दमट हवेत ती ओल धरते. कोरडी, घट्ट विणीची दुपदरी पिशवी आणावी आणि घरी पोचताच साखर डब्यात काढावी.

पिशवी वापरावी कशी?

रांगेतल्या त्या युरियाच्या पोत्याविषयी स्पष्टच सांगतो. खताच्या पोत्यात साखर किंवा धान्य भरू नये, धुतले असले तरी नाही. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तणनाशकाचा डबा वाणसामानाच्या पिशवीत कधीही ठेवू नये. "एवढ्यापुरतं राहू दे," म्हणून ठेवलेली बाटली गळली तर धुऊन भागत नाही, ती पिशवी खाण्याच्या जिनसांसाठी कायमची बाद समजावी. औषधांना वेगळ्या रंगाची पिशवी ठेवावी, म्हणजे घरातल्या पोरालाही ओळखता येईल.

साखरेची रिकामी प्लास्टिक पोती कांदे-बटाटे ठेवायला चालतात, पण ती उन्हात टाकू नयेत. उन्हाने ती कडक होऊन त्यांचे धागे सुटतात आणि मातीत मिसळतात.

पालेभाजी आणलेली पिशवी ओली ठेवली तर कुबट वास येतो, बुरशी धरते. ती साबणाने धुऊन, उलटी करून उन्हात वाळवावी. मटण-मासळीला पूर्वीसारखा डबाच बरा.

हिशेब

कापडी पिशवी घेतली की काम झाले, असेही नाही. कापूस पिकवायला पाणी, खत, औषध सगळे लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, हवामानावरच्या परिणामाचा विचार करता नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी तेव्हा ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आठवड्याचा एक बाजार धरला तर ही अडीच वर्षे झाली. म्हणजे दरवर्षी नवी कापडी पिशवी घेऊन जुनी टाकली, तर त्या हिशेबाने आपण तोट्यातच राहू. जुन्या पँटची पिशवी पहिल्या बाजारापासूनच फायद्यात, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागला नाही. म्हशीचे पोट आणि चारीची मोरी मात्र या हिशेबात धरलेली नाहीत, ती आपली आपण धरायची.

तेव्हा सभासदांनी एवढेच करावे. ट्रंकेतल्या पिशव्या आज बाहेर काढाव्यात. एक दाराजवळच्या खुंटीला, एक गाडीच्या डिकीत आणि एक शेतातल्या खोलीत ठेवावी. बाजार करून आल्यावर पिशवी रिकामी केली की लगेच जागच्या जागी परत अडकवावी. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण पिशवी विसरते ती बाजाराला निघताना नव्हे, तर आदल्या बाजाराहून आल्यावर कुठेतरी टाकली जाते तेव्हा. घरातल्या शाळकरी मुलांकडे हे काम सोपवावे, ती विसरत नाहीत आणि आपल्यालाही विसरू देत नाहीत.

आणि घरात प्लास्टिकची पिशवी आलीच, तर निदान तिची गाठ सोडावी. आतले खरकटे वेगळे टाकावे, पिशवी धुऊन ठेवावी, उकिरड्यावर जाऊ देऊ नये. आमच्या म्हशीच्या पोटातून निघालेली ती गाठ डोळ्यांपुढून अजून हलत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

पुढच्या साखर वाटपाला येताना खुंटीवरची पिशवी घेऊन या. रांगेत भेटूच.