पित्ताशयाची नळी

छातीत जळजळले की आपण म्हणतो, "पित्त झालंय." मग आमसुलाचे सार पितो. पण उजव्या बरगडीखाली कळ येते. ती पाठीत जाते. थंडी वाजून ताप येतो. हे दुखणे निराळे. ते पित्ताशयाचे असू शकते.

पित्ताशय म्हणजे काय? बकऱ्याच्या कलेजीला एक हिरवी पिशवी चिकटलेली असते. ती फुटली तर मटण कडू होते. तशीच पिशवी माणसालाही असते. तेच पित्ताशय.

खडा अडकला की पित्त तुंबते. पिशवी सुजते. कधी आत पू होतो. मग डॉक्टर ती पिशवीच काढतात. १८८२ साली बर्लिन शहरी लांगेनबुख या डॉक्टरांनी ती प्रथम काढली.

पण फार थकलेल्या माणसाला ही शस्त्रक्रिया झेपत नाही. तेव्हा डॉक्टर तेवढी जागा बधिर करतात. सोनोग्राफीत पाहून बारीक नळी आत घालतात. तुंबलेले पित्त बाहेरच्या पिशवीत उतरते. ताप जातो. नळी पुष्कळदा काही आठवडे ठेवावी लागते.

ताप गेला, म्हणजे सगळे झाले का? नाही. खडा आतच असतो. शिवाय क्वचित नळीमुळेच नवे दुखणे येते. नळी निसटली तर पित्त पोटात सांडते. पोट दगडासारखे कडक होते. कधी आत रक्त वाहते. पिशवीत रक्त दिसते, किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते. पित्त फार वाहून गेले तर अंगातले पाणी आणि मीठ कमी होते. तोंड सुकते, लघवी कमी होते. पित्त एकदम थांबले, तर नळी तुंबली असेल.

म्हणून आम्ही सांगतो :

पिशवी कमरेखाली ठेवा. नळीला ओढ बसू देऊ नका. हिरण्यकेशीत डुंबू नका. निसटलेली नळी आत ढकलू नका. तिथे स्वच्छ कापड ठेवा आणि लगेच निघा.

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. रोज वहीत लिहा : तारीख, पित्त किती आले, रंग कसा, ताप आहे का. ही वही डॉक्टरांना दाखवा.

वरचे एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. श्वास लागला, डोळे पिवळे झाले, तरी थांबू नका. १०८ नंबर फिरवा. गाडीला पैसे पडत नाहीत. आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात जावे लागले, तर वही बरोबर न्या.