डोंगरचे देव : वेरूळ ते म्हैसमाळ, पाण्याच्या मागावर

सप्तशृंगीचा गड ज्या सातमाळा रांगेत आहे, तीच रांग पुढे पूर्वेला अजिंठ्याचे डोंगर होऊन मराठवाड्यात उतरते. या रांगेच्या दक्षिण अंगाला, छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला, डोंगरांचा एक पुंजका आहे. दौलताबादचा घाट चढला की खुलताबाद, त्याच्या जवळ शूलिभंजन, आणखी वर म्हैसमाळ आणि पलीकडे उतारावर वेरूळ. ज्योतिर्लिंग, निद्रिस्त मारुती, दत्त आणि गिरिजादेवी अशी चार जागती ठाणी एवढ्याशा टापूत आहेत. शहरातून सकाळी निघालेलं कुटुंब एका दिवसात चारही दर्शनं करून संध्याकाळी घरी परततं.

इतके देव इथंच का वसले? पुराणं आपापली उत्तरं देतात, इतिहास राजांची नावं सांगतो. मला या डोंगरांत हिंडताना आणखी एक उत्तर दिसतं, ते म्हणजे पाणी. संभाजीनगर परिसरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत आणि लहरीपणाने. अशा मुलखात डोंगराच्या कुशीतून उन्हाळ्यातही झिरपणारा झरा सापडला, तर माणूस तिथं हात जोडणारच.

हा झरा येतो कसा? आपला डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर, भाकऱ्यांची चवडच जणू. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, काही भेगाळलेले, काही बारीक पोकळ्यांचे. दोन थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या, चिकट मातीचा पातळ पट्टा असतो. माथ्यावर पडलेलं पाणी भेगांमधून खाली मुरतं, या पट्ट्याशी किंवा घट्ट खडकाशी अडतं आणि मग आडवं सरकत डोंगराच्या कडेला बाहेर येतं. म्हणून आपल्याकडे अगदी उंचावरच्या देवळाशेजारीही टाकं किंवा कुंड असतं. आधी पाणी, मग साधू, मग देऊळ, मग जत्रा, हा क्रम अनेक डोंगरी क्षेत्रांना लागू पडतो असं माझं मत आहे.

वेरूळची कथाच पाहा. शिवपुराणातली घुश्मा देवगिरी पर्वताजवळ राहणारी. ती रोज मातीची शिवलिंगं करायची, त्यांची पूजा करायची आणि जवळच्या तळ्यात विसर्जन करायची. मोठ्या बहिणीने, म्हणजे सवत असलेल्या सुदेहेने, मत्सरापोटी तिच्या मुलाचा जीव घेतला आणि प्रेत त्याच तळ्यात टाकलं. घुश्मेने पूजा मोडली नाही. त्या दिवशीचं विसर्जन करायला ती गेली, तेव्हा मुलगा तळ्याच्या काठी जिवंत उभा होता. घृष्णेश्वर ज्योतिर्लिंगाच्या माहात्म्याचा सगळा भार असा एका तळ्यावर आहे. देवळाला जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना मात्र ते तळं ठाऊक नसतं.

वेरूळ गावातलं शिवालय तीर्थ ते हेच, अशी श्रद्धा आहे. चारही बाजूंनी पायऱ्या उतरत जातात आणि पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर आठ छोटी देवळं उभी आहेत. अहिल्याबाई होळकरांनी या कुंडाची बांधणी करवली. घृष्णेश्वराचं आजचं तांबूस दगडाचं देऊळही होळकरांच्या काळातलं. त्याआधी वेरूळचे पाटील, शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. पुरुषांनी उघड्या अंगाने गाभाऱ्यात जायची रीत इथं आजही पाळली जाते. रांगेत उभं राहून दर्शन घ्यावंच, पण तिथून थोडं चालून कुंडाच्या पायऱ्याही उतराव्यात. कथा घडते ती तिथं.

आता कैलास लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे ७५६ ते ७७३) याच्या नावाशी जोडलेलं हे देऊळ डोंगर वरून खाली कोरत काढलं आहे. इसवी सन ८१२ च्या बडोद्याच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाची वाखाणणी आहे: आकाशातून जाणारे देवही पाहत राहिले आणि घडवणारा शिल्पीही आपण हे कसं केलं म्हणून थक्क झाला. त्याची भव्यता सगळेच सांगतात. मी वाचकाला दोन ठिकाणी थांबवणार आहे.

दारातून आत शिरताच समोर गजलक्ष्मी आहे. देवी कमळांच्या तळ्यात बसली आहे, हत्ती तिला न्हाऊ घालताहेत. खालचा भाग जवळ जाऊन पाहा: पाण्यावर पसरलेली कमळाची पानं, मधूनच कळ्या, सगळं काळ्या दगडात. कैलास पर्वताची प्रतिकृती म्हणवणाऱ्या देवळात शिरणाऱ्याचं स्वागत तळ्याने होतं. मग डावीकडे अंगणात वळा. उत्तरेच्या कड्यात उंचावर नदीदेवतांचं छोटं दालन आहे. मकरावर गंगा, कासवावर यमुना आणि कमळावर सरस्वती, तिघी शेजारी शेजारी उभ्या आहेत. उत्तरेच्या तीन नद्या दख्खनच्या कोरड्या डोंगरात आणून बसवल्या त्या कारागिरांनी. पर्वत घडवला आणि नद्या विसरल्या, असं त्यांच्या हातून झालं नाही. पावसाळ्यात तर खऱ्या पाण्याचीही साथ मिळते: एकोणतिसाव्या लेण्याजवळ, ‘सीता की नहाणी’ म्हणतात तिथं, माथ्यावरून येणारा ओढा कड्यावरून कोसळतो.

या सगळ्या टापूतली खरी पायी यात्रा खुलताबादच्या भद्रा मारुतीची. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातले लोक आदल्या रात्री निघतात. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, मग घाट, कागजीपुरा आणि खुलताबाद, असा साधारण पंचवीस किलोमीटरचा पल्ला. पोलीस या रस्त्यावरची जड वाहनं दुसरीकडे वळवतात आणि रात्रभर रस्ता चालणाऱ्यांचा होतो. कॉलेजची पोरं, वाळूजच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून तसेच आलेले कामगार, नवस फेडायला अनवाणी निघालेल्या बाया, खांद्यावर झोपलेलं लेकरू घेतलेला बाप. जागोजागी मंडळांचे मंडप, साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा. “चला, चला, आता घाटच राहिला!” असं ओळखपाळख नसलेला माणूसही पुढच्याला सांगतो. देवगिरीचा किल्ला अंधारात नुसता आकार होऊन उभा असतो. घाटात पाय बोलायला लागतात आणि तिथंच “जय बजरंगबली”चा घोष सगळ्यात मोठा होतो.

मारुती इथं झोपलेला आहे. प्रयागराजला आणि मध्य प्रदेशात जामसावळीला अशा आडव्या मूर्ती आहेत. उभ्या मारुतीची सवय असलेल्या डोळ्यांना शेंदराने माखलेली ही पहुडलेली मूर्ती वेगळीच वाटते. भद्रावतीचा राजा भद्रसेन रामाची भजनं गायचा, ती ऐकता ऐकता मारुतीला भावसमाधी लागली, अशी कथा आहे. गावात सुफींचे दर्गे आहेत, मलिक अंबरची कबर आहे. शनिवारच्या पहाटे रुईच्या माळा आणि नारळ विकणाऱ्यांची रांग त्याच गल्ल्यांतून लागते.

शूलिभंजनला गर्दी कमी. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी आणि त्यांचे शिष्य संत एकनाथ (१५३३–१५९९) यांची ही तपोभूमी. नाथांना इथं दत्तदर्शन झालं आणि दत्त मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या रूपात आले, असं परंपरा सांगते. देवळाजवळ सूर्यकुंड आहे. डोंगराच्या पायथ्याशी ‘परियों का तालाब’ आणि त्याच्या परिसरात जुना दर्गा. वारा सतत वाहतो, खाली पाणी चकाकतं. ध्यानाला बसायला नाथांनी ही जागा का निवडली असेल, ते वेगळं विचारावं लागत नाही.

म्हैसमाळ या पुंजक्यातला सर्वांत उंच माथा, १०६७ मीटर, म्हणजे शहरापेक्षा सुमारे ५०० मीटर वर. गिरिजादेवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते, त्याच दिवशी खाली हनुमान जयंती असते. पावसाळ्यात धुकं पाहायला येणाऱ्या तरुणांना देवीचं देऊळ ठाऊक असतं, देवीच्या नावाची नदी बहुधा ठाऊक नसते. गिरिजा नदी याच डोंगरांत उगम पावते, फुलंब्रीकडून जालन्याच्या दिशेने जाऊन पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे गोदावरीला. म्हैसमाळच्या पठारावर पडलेल्या पावसावर खालच्या कितीतरी विहिरी आणि मोसंबीच्या बागा जगतात.

शहरावरचं डोंगरांचं देणंही असंच जुनं आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी भुयारी नहरींनी गावात आणलं. पुढे पाणचक्कीची जाती डोंगरातून नळांनी आणलेल्या पाण्यावर फिरू लागली. आज आपण पैठणच्या जायकवाडीतून पाणी उपसून चढवतो आणि तरीही नळाला रोज पाणी येईल याची शाश्वती नसते. डोंगराशी असलेलं पाण्याचं नातं आपण सोडलं, देवाचं तेवढं ठेवलं. मला हे तुटणं फार बोचतं, कारण ज्यांनी ही ठाणी उभी केली त्यांच्या मनात ही दोन नाती वेगळी नव्हती.

म्हणून या श्रावणात भद्रा मारुतीला निघणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मंडपात मिळालेला ग्लास आणि पाण्याची बाटली घाटाच्या कड्यावरून खाली टाकू नका. तो कचरा पहिल्याच मोठ्या सरीबरोबर ओढ्यात जातो. कुंडात निर्माल्य सोडू नका. मंडळांनी स्टीलचे पेले ठेवले आणि मंडप उतरवताना आपल्या भागातला रस्ता झाडून घेतला, तर एका रात्रीत फरक दिसेल. आणि वेरूळला गेलात, तर घरातल्या मुलांना शिवालय तीर्थाच्या पायऱ्यांवर बसवून घुश्मेची गोष्ट सांगा.

पुढच्या आठवड्यात आपण त्र्यंबकला जाऊ. ब्रह्मगिरीची फेरी आणि गोदावरीचा उगम हा पुढच्या भागाचा विषय.