विश्लेषण : बंदरावर आठ तास, हातात सव्वादोन! क्रूझवरून उतरून कुटुंबासह स्वतः कसे फिरावे?

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझमुळे टिटवाळा, कल्याण, डोंबिवलीतील कुटुंबांना दोन-तीन रात्रींची समुद्रसफर घराजवळून करता येते. जहाज वाटेतल्या बंदराला लागले की प्रश्न पडतो, जहाज कंपनीची सहल घ्यावी की आजी-आजोबा, मुलाबाळांसह स्वतःच फिरावे? स्वतः फिरण्यात पैसे वाचतात, मोकळीकही असते. पण वेळेचे गणित चुकले तर जहाज थांबत नाही. मोरमुगाव बंदराचे उदाहरण घेऊन या एका दिवसाच्या नियोजनाविषयी…

टिटवाळ्याहून क्रूझपर्यंत कसे पोहोचावे?

जहाज सुटते ते बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून, भाऊच्या धक्क्यावरून नव्हे. या टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकापासून ते टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा लोकलने थेट सीएसएमटी गाठता येते आणि त्याला साधारण दीड तास लागतो. प्रवाशांना जहाजावर घेण्याचे काम बहुधा दुपारी चालते. त्यामुळे सकाळची गर्दी ओसरल्यावर, सामान घेऊन, लोकलने निघणे शक्य असते. मात्र रविवारी निघायचे असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच पाहून ठेवावा. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी टर्मिनलवरील नोंदणी बंद होते. तिकिटावरील तीच वेळ खरी धरावी, सुटण्याची नव्हे. परतीचा प्रवास तुलनेने सोपा. जहाज सकाळी मुंबईला लागते, तेव्हा गर्दी मुंबईकडे येत असते आणि कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळते.

बंदरावर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो?

समजा, जहाज सकाळी १० वाजता मोरमुगावला लागणार आणि सायंकाळी ६ वाजता सुटणार आहे. कागदावर हे आठ तास दिसतात. पण धक्क्याला लागल्याबरोबर कुणी उतरत नाही. आधी दोर बांधले जातात, तपासणी होते, मग जिना लागतो. लिफ्टपुढच्या रांगा धरून उतरायला पाऊण तास सहज जातो. तिथून बंदराच्या फाटकाबाहेर पडून वाहनात बसेपर्यंत सव्वाअकरा वाजतात.

आता उलटे मोजू. जहाज ६ वाजता सुटणार असेल तर सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ, म्हणजे ‘ऑल अबोर्ड’, अर्धा ते एक तास आधीची असते. ती ५ धरली, तर फाटकाशी ४ वाजता पोहोचायला हवे. पणजी ते बंदर एरवी तासाभराचा रस्ता. वाहतूक कोंडीसाठी अर्धा तास जास्त धरला तर पणजीहून अडीच वाजता निघावे लागते. सकाळी सव्वाअकराला निघून पणजीला पोहोचेपर्यंत सव्वाबारा झालेले असतात. म्हणजे आठ तासांतून पणजीसाठी उरले सव्वादोन तास, आणि त्यातच जेवण!

पणजी, जुने गोवे, मंगेशी, कळंगुट अशी यादी घेऊन निघालेली कुटुंबे धावपळीत दिवस घालवतात ती यामुळेच. ‘गोव्यात काय काय पाहायचे’ ऐवजी ‘सव्वादोन तासांत कोणते एक ठिकाण’ असा प्रश्न घरातच, निघण्यापूर्वी सोडवायला हवा.

मोरमुगावला उतरून कुठे जावे?

मोरमुगाव हे मुळात मालवाहू बंदर आहे. गोवामुक्तीनंतर १९६३ मध्ये ते देशातील प्रमुख बंदरांत गणले जाऊ लागले. खनिज आणि कोळशाची ने-आण येथे चालते. त्यामुळे धक्क्यावरून फाटकापर्यंत मनाला येईल तसे पायी जाता येत नाही, बंदराने ठरवून दिलेल्या मार्गानेच किंवा बसनेच जावे लागते. बंदराला लागून वास्को द गामा शहर आहे. पणजी आणि मडगाव ही दोन्ही शहरे येथून साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत.

कुटुंबासाठी सरळ तीन पर्याय दिसतात.

पहिला पर्याय जवळचा, बोगमाळो. अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॅरियर, अलिझे अशी निवृत्त विमाने उघड्यावर मांडलेली आहेत. मुलांचा वेळ मजेत जातो आणि फार चालावेही लागत नाही. संग्रहालय सोमवारी बंद असते. त्यानंतर बोगमाळोच्या किनाऱ्यावर जेवण आणि विसावा. सव्वातीनला निघाले तरी चालते, म्हणून येथे जवळपास साडेतीन तास हाताशी राहतात.

दुसरा पर्याय जुने गोवे. बॉम जेझस बॅसिलिका, सी कॅथेड्रल आणि आसपासची चर्चे १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ही ठिकाणे एकमेकांपासून पायी अंतरावर असल्याने सव्वादोन तास पुरतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, हे लक्षात ठेवावे.

तिसरा पर्याय मंगेशीचा. वाटेवर झुआरी नदीच्या अलीकडे कुठ्ठाळी गाव लागते. मंगेशाचे मूळ स्थान येथेच, जुन्या कुशस्थळीत होते. पोर्तुगीज राजवटीत १५६० मध्ये देव नदीपलीकडे प्रियोळला हलवण्यात आला. हा इतिहास सांगत गेले तर मुलांना रस्ताही रटाळ वाटत नाही. एकेकाळी झुआरी पुलावर तासन् तास कोंडी होत असे. नवा पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यानंतर ती बरीच कमी झाली आहे. तरीही मंगेशी आणि जुने गोवे एकाच दिवशी जोडायचे, तर वेळेची उशी संपते. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर दोन्हींपैकी एकच निवडावे.

टॅक्सी, बस की जहाजाची सहल?

जहाज कंपनी जी सहल ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणून विकते, तिचे दर माणशी असतात. टॅक्सीचे भाडे गाडीमागे असते. दोघांसाठी हा फरक फार नसेलही. पण आई-वडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण असतील तर एक टॅक्सी बहुतेक वेळा स्वस्त पडते. शिवाय आजीला थकवा आला तर मागे वळता येते. चाळीस जणांच्या बसमध्ये ते जमत नाही.

मुंबईप्रमाणे ओला-उबर बोलावण्याच्या सवयीवर गोव्यात विसंबू नये. तेथे स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्ससारखे स्थानिक ॲप वापरावे लागते. टॅक्सी ठरवताना चार गोष्टी बोलून घ्याव्यात : एकूण रक्कम, किती तास, थांबण्याचे वेगळे पैसे लागणार का आणि बंदराच्या फाटकाशी परत किती वाजता. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. परतल्यावर देण्याचे ठरले की चालकही वेळ पाळतो. वास्कोहून पणजी आणि मडगावसाठी बस मिळतात. त्या स्वस्त आहेत, पण आधी बंदरातून वास्कोपर्यंत जावे लागते. शेवटची वेळ गाठण्यासाठी त्यांच्या भरवशावर राहणे जोखमीचे.

सोबत काय ठेवावे?

प्रत्येकाचे जहाजाचे कार्ड आणि मूळ ओळखपत्र लागते, मुलांचेही. त्याशिवाय बंदराच्या फाटकातून परत आत सोडत नाहीत. कोणती ओळखपत्रे चालतात, हे तिकिटाच्या नियमांत दिलेले असते. दिवसाची औषधे केबिनमध्ये न ठेवता जवळ घ्यावीत. जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर परतण्याची वेळ आणि बहुधा बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. उतरण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. थोडे रोख पैसेही हवेत. गोव्यातून काजू आणायला हरकत नाही. मद्याच्या बाटल्या मात्र बहुतेक जहाजांवर चढतानाच ताब्यात घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात.

सागरात असताना मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा. जहाजावरचे उपग्रह नेटवर्क आपोआप जोडले गेले तर बिल भलतेच येऊ शकते.

प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागते का?

नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मुंबई-गोवा आगबोटींच्या काळात कोकणातल्या अनेक बंदरांवर बोट आत जात नसे. प्रवासी पडावातून किनारा गाठत. तोच हा प्रकार. हलत्या बोटीत पाय टाकणे गुडघेदुखी असलेल्यांना कठीण जाते. बोटींना पाळीने जावे लागत असल्याने दोन्ही बाजूंना आणखी वेळ जातो, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणेच रद्द होऊ शकते. त्यामुळे अशा बंदरावरच्या कशाचेही पैसे आधी भरून ठेवू नयेत.

परदेशातील बंदरांवर वेगळे काय?

सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून पेनांग, फुकेतची क्रूझ घेणारी मराठी कुटुंबे आता कमी नाहीत. तेथे घोळ होतो तो घड्याळाचा. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला उतरताच मोबाइल स्वतःहून वेळ बदलतो. जहाजाने मात्र सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली असेल तर मोबाइलवर ४ वाजले असताना जहाजावर ५ झालेले असतात. म्हणून घरातल्या एकाने तरी हातावरचे साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. व्हिसाचेही तसेच. क्रूझ जिथून निघते त्याच देशात परतत असेल, तर तो व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा देतो का, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

जहाज सुटले तर काय?

जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढचे बंदर किंवा घर स्वखर्चाने गाठावे लागते. उशीर होणार असे दिसताच बंदरातील प्रतिनिधीला फोन करणे हाच पहिला उपाय. गोव्यात त्यातल्या त्यात बरे. दाभोळी विमानतळ वास्कोला लागूनच आहे आणि मडगावहून मांडवी, कोकणकन्या या गाड्या ठाण्याला थांबतात, तिथून टिटवाळ्याला लोकल आहे. परदेशात मात्र ही चूक आयत्या वेळच्या विमान तिकिटांच्या आणि कदाचित नव्या व्हिसाच्या खर्चात पडते.

मग स्वतः फिरणे कुणी टाळावे?

पाहायचे ठिकाण बंदरापासून दीड तासाहून लांब असेल, जहाज सहा तासांपेक्षा कमी थांबणार असेल, किंवा परदेशात बंदर आणि भाषा दोन्ही अनोळखी असतील, तर कंपनीची सहल महाग असली तरी घ्यावी. त्या जादा पैशांत जहाज न चुकण्याची हमी विकत घेतलेली असते. ठिकाण तासाभराच्या आत, जहाज दिवसभर आणि माणसे चार-पाच असतील, तर स्वतः फिरणेच बरे. फक्त एकच ठिकाण निवडावे आणि पाच वाजताच्या वेळेसाठी चारला फाटकाशी यावे. उरलेला एक तास जहाजाच्या डेकवर, हातात चहा घेऊन, बाकीच्या प्रवाशांची धावपळ बघण्यात घालवावा.