एक '@' राहून गेला, त्याची गोष्ट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची माफी आधीच मागते. याच ऱ्हस्व-दीर्घाने मला एक्सएसएलटी शिकवलं!

आमच्या ग्रुपची रक्तदात्यांची यादी मी एक्सएमएलमध्ये केली होती. त्यात एलिमेंटची नावं देवनागरीतही चालतात. एक नोंद अशी:

<दाता रक्तगट="बी निगेटिव्ह" वस्ती="मनीषनगर">...</दाता>

'दाता' हा एलिमेंट. रक्तगट आणि वस्ती हे त्याचे अ‍ॅट्रिब्यूट. अशा फाइलचं वेबपेज बनवते ती एक्सएसएलटी आणि हवे ते एलिमेंट निवडतो तो एक्सपाथ. डब्ल्यूथ्रीसीने दोन्ही १९९९ साली मंजूर केले.

एका रात्री शेजारच्या काकूंसाठी बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. मी घाईघाईत लिहिलं:

दाता[रक्तगट='बी निगेटिव्ह']

पान कोरं! एररसुद्धा नाही. गंमत म्हणजे माझाच रक्तगट बी निगेटिव्ह आणि माझं नाव फाइलमध्ये होतं. मग चूक दिसली. चौकोनी कंसात अट असते. '@' नसेल तर एक्सपाथ दात्याच्या पोटात 'रक्तगट' नावाचा एलिमेंट शोधतो. तो नाहीच, म्हणून अट खोटी. बरोबर असं:

दाता[@रक्तगट='बी निगेटिव्ह']

आता तीन नावं आली. जवळचे आधी बघू म्हणून पुढे [@वस्ती='मनीषनगर'] जोडलं, तर उरली मी एकटीच. चार घरं सोडून राहणारा दादा म्हणाला, "काऊन वं, मी काय मनीषनगरात राहत नाही?" त्याच्या नोंदीत मी 'मनिषनगर' टाइप केलं होतं. आपण समजून घेतो, एक्सपाथ घेत नाही. अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, मधली स्पेससुद्धा. शेवटी आम्ही दोघंही गेलो आणि काम झालं.

आणखी एक खड्डा. मनीषनगरबाहेरचे दाते हवेत म्हणून [@वस्ती!='मनीषनगर'] लिहिलं, तर ज्यांची वस्ती भरलेलीच नाही ते गळतात, कारण तुलना करायला अ‍ॅट्रिब्यूटच नसतो. त्यांनाही घ्यायचं असेल तर 'नॉट' फंक्शनच्या कंसात @वस्ती='मनीषनगर' ही अट टाकायची.

थोडक्यात काय, कोरं पान म्हणजे 'कोणीच नाही' असं समजू नका. आधी स्वतःचं नाव शोधून बघा. तेच सापडत नसेल, तर दाते आहेत, चूक आपल्या अटीत आहे.