ऐतिहासिक नाटक कसे वाचावे? : ‘स्कंदगुप्त’ आणि शिलालेखांतील राजा

१. प्रस्तावना

ऐतिहासिक नाटक शिकताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : “हे खरेच असे घडले होते का?” प्रश्न रास्त आहे, पण तो एवढ्यावरच थांबला तर नाटक हाती लागत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : जिथे पुरावा संपतो, तिथे नाटककाराने काय घातले, आणि का?

एक साधे उदाहरण घ्या. काशीत अहल्याबाई घाट आणि दरभंगा घाट यांच्यामध्ये मुन्शी घाट आहे. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून त्याला हे नाव पडले. मुन्शींनी उभारलेली तिथली भव्य वास्तू पुढे दरभंग्याच्या महाराजांनी घेतली. दगडामुळे नाव टिकले. पण मुन्शी कसे बोलत, त्यांना कशाची धास्ती वाटे, हे दगड सांगत नाही. उद्या कोणी त्यांच्यावर नाटक लिहिले, तर नाव इतिहासाचे असेल आणि तोंडचा प्रत्येक शब्द लेखकाचा.

याच काशीत जयशंकर प्रसाद (मृत्यू १९३७) यांनी १९२८ मध्ये ‘स्कंदगुप्त’ हे पाच अंकी हिंदी नाटक प्रसिद्ध केले. हूणांशी लढायला निघालेल्या गुप्त सम्राटाचे हे नाटक या पाठात आपण शिलालेखांशेजारी ठेवून वाचणार आहोत.

२. दगडात काय आहे?

स्कंदगुप्ताचा काळ सुमारे इ.स. ४५५ ते ४६७. त्याच्याविषयीचे दोन लेख सर्वांत महत्त्वाचे आहेत.

पहिला भितरी येथील स्तंभलेख. भितरी आजच्या गाझीपूर जिल्ह्यात, म्हणजे काशीहून फार लांब नाही. घराण्याची ढळलेली लक्ष्मी सावरताना स्कंदगुप्ताने एक रात्र उघड्या जमिनीवर झोपून काढली, असे हा लेख सांगतो. वडील वारल्यानंतर शत्रूंना जिंकून तो आईकडे गेला, तेव्हा तिच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. कृष्ण देवकीकडे गेला तसा तो गेला, अशी उपमा लेखकर्त्याने दिली आहे. हूणांशी झालेल्या लढाईचा उल्लेखही याच लेखात आहे.

दुसरा जुनागढचा शिलालेख. गुप्त संवत १३६ मध्ये अतिवृष्टीने सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधला गेला, ही त्यातली मुख्य हकिकत. सौराष्ट्राचा कारभारी पर्णदत्त आणि बांध दुरुस्त करणारा त्याचा मुलगा चक्रपालित ही नावे इथे येतात. लक्ष्मीने इतर राजपुत्रांना बाजूला सारून स्कंदगुप्ताला स्वतः वरले, असेही हा लेख म्हणतो.

३. दगड कुठे गप्प आहे?

आता या लेखांत काय नाही ते पाहा. गुप्तांच्या वंशावळीत राजमातेचे नाव देण्याची रीत आहे; स्कंदगुप्ताच्या आईचे नाव मात्र भितरीच्या स्तंभावर नाही. भितरीलाच सापडलेल्या नंतरच्या एका राजमुद्रेत वंश कुमारगुप्त, त्याची राणी अनंतदेवी आणि तिचा मुलगा पुरुगुप्त असा चालतो. तिथे स्कंदगुप्ताचा पत्ताच नाही!

एका ठिकाणी आईचे नाव गाळलेले, दुसऱ्या ठिकाणी खुद्द राजाच गाळलेला. शिवाय ‘इतर राजपुत्रांना बाजूला सारून’ हे शब्द. गादीवरून तंटा झाला असावा, असा तर्क अभ्यासक यावरून करतात. पुरावा तर्कापुढे जात नाही. नाटक तिथूनच सुरू होते.

४. प्रसादांनी काय केले?

प्रसादांनी तर्काला माणसे दिली. अनंतदेवी आपल्या पुरुगुप्तासाठी कारस्थान रचणारी धाकटी राणी झाली. लेखातली देवकीची उपमा उचलून त्यांनी स्कंदगुप्ताच्या आईचे नावच देवकी ठेवले. पर्णदत्त हा निष्ठावान म्हातारा सेनानी आणि चक्रपालित त्याचा मुलगा झाला. माळव्याचा बंधुवर्मा मंदसोरच्या शिलालेखातून आला. त्याची बहीण देवसेना मात्र प्रसादांची स्वतःची निर्मिती.

मातृगुप्त या कवीचे पात्र मराठी विद्यार्थ्यांच्या खास ओळखीचे वाटावे. ‘राजतरंगिणी’तला मातृगुप्त म्हणजेच कालिदास, हे मत १८६० च्या दशकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मांडले होते. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत; पण प्रसादांच्या नाटकात मातृगुप्त आणि कालिदास एकच आहेत. संशोधनात मागे पडलेले मत नाटकात असे जिवंत राहते, हे ध्यानात ठेवा.

सर्वांत मोठा बदल बांधाचा आहे. जुनागढच्या लेखात बांध पावसाने फुटतो आणि राजाची माणसे तो बांधून काढतात. नाटकात तिसऱ्या अंकात कुभा नदीवरचा बांध फितूर सेनापती भटार्क फोडतो आणि स्कंदगुप्ताची सेना वाहून जाते. प्रसादांनी हे जुनागढवरूनच सुचून केले, असे आपण म्हणू शकत नाही. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की नाटकाचा रोख दिसतो. हूण बाहेरून येतात, पण घात घरातून होतो. परकीय सत्तेखाली, आपसांतल्या दुहीची चर्चा रोज चालू असताना हे लिहिले गेले, हे विसरू नका. खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशवाईतल्या गृहकलहावर ‘भाऊबंदकी’ लिहिले, त्यामागेही असाच काळ होता.

५. राजा युद्धाला का जातो?

नाटकाच्या आरंभी स्कंदगुप्त सत्तेविषयी उदास आहे. माळव्याचा दूत मदत मागतो तेव्हा मगधाची सेना दुसरीकडे गुंतलेली असते. तरीही तो जायचे ठरवतो. केवळ तह आहे म्हणून नव्हे, तर आसरा मागणाऱ्याला राखणे हे कर्तव्य आहे म्हणूनही. म्हणजे हा राजा राज्य मिळवायला निघत नाही. अखेरीस हूणांना हरवून तो गादी पुरुगुप्ताला देऊन टाकतो.

मग किंमत कोण मोजते? बंधुवर्मा आपले राज्य देतो आणि नंतर प्राणही. देवकी दुःखाने मरते. पर्णदत्त जखमी सैनिकांसाठी भीक मागत फिरतो. देवसेनेचे स्कंदगुप्तावर प्रेम असूनही ती शेवटी लग्नाला नकार देते. होकार दिला तर भावाच्या त्यागाचा मोबदला घेतल्यासारखे होईल, असे तिला वाटते. शिलालेखात विजय आहे. विजयानंतर रिकामा झालेला माणूस नाटकात आहे.

शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’शी तुलना करा. १४१५ च्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईवरचे हे नाटक १५९९ च्या सुमाराचे. शेक्सपिअरपुढे होलिनशेडची बखर होती. पण लढाईच्या आदल्या रात्री राजा वेष पालटून साध्या शिपायांत बसतो आणि ‘युद्धाचे कारण खोटे असेल तर मेलेल्यांचा जाब राजाला द्यावा लागेल’ अशा अर्थाचे बोलणे ऐकतो, ही शेक्सपिअरची भर आहे. दोन्ही नाटककारांनी पुराव्यात नसलेल्या जागीच आपला खरा प्रश्न ठेवला आहे.

६. भटार्काचे काय?

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळू नये. भटार्क हा खरा माणूस होता. वलभीच्या मैत्रक घराण्याचा तो संस्थापक. त्या घराण्याचे ताम्रपट त्याला पराक्रमी सेनापती म्हणून गौरवतात. त्याने बांध फोडल्याचा कसलाही पुरावा नाही. नाटकात त्याला पश्चात्ताप होतो हे खरे. पण नाटक वाचलेल्या माणसाच्या मनात ‘भटार्क म्हणजे फितूर’ हे पक्के बसते.

नाटककाराला हे स्वातंत्र्य आहे का? आहे, कारण तो नाटक लिहितो आहे. पण त्या स्वातंत्र्याचा हिशेब ठेवण्याचे काम वाचकाचे आहे. तो ठेवला नाही, तर रंगमंचावरचा संवाद पुढे भाषणात, मग पाठ्यपुस्तकात आणि शेवटी भांडणात पुरावा म्हणून येतो.

यासाठी वहीत तीन रकाने आखा : ‘पुराव्यात आहे’, ‘पुराव्यात नाही’, ‘पुराव्याशी जुळत नाही’. पर्णदत्त पहिल्यात जाईल, देवसेना दुसऱ्यात, भटार्काची फितुरी तिसऱ्यात. पहिल्या रकान्यावरून लेखकाचा अभ्यास कळतो. दुसऱ्या-तिसऱ्यावरून त्याला काय म्हणायचे होते ते कळते, आणि परीक्षेतले चांगले उत्तर तिथूनच लिहिता येते.

७. स्वाध्याय

१. स्कंदगुप्ताने गादी पुरुगुप्ताला देणे आणि राजमुद्रेत स्कंदगुप्ताचे नाव नसणे यांचा संबंध कसा लावता येईल?
२. देवसेनेचे पात्र काढून टाकले तर नाटकाचा अर्थ कसा बदलेल?
३. तुमच्या भाषेतले एक ऐतिहासिक नाटक निवडा आणि त्यातील पाच पात्रे वरील तीन रकान्यांत मांडा. तिसऱ्या रकान्यातील पात्रावर अन्याय झाला आहे का, ते सकारण लिहा.