आधी ओल, मग छत: कोलकात्यातल्या घरच्या वर्कशॉपची डागडुजी

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं नाव आता विजयदुर्ग झालं आहे आणि त्याच्या दक्षिण दरवाज्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं आहे. १७५८ मध्ये काम सुरू होऊन १७८१ च्या सुमारास पुरा झालेला हा किल्ला विटांचा. हुगळीकाठच्या गाळात दगड कुठून मिळणार? तोफगोळ्यांसाठी ठेवलेली भिंतींची जाडी उन्हालाही अडवते. त्याच शहरात घरी सुतारकामाची खोली करायची, तर आपल्या हाती असते नऊ इंची भिंत आणि जेमतेम पाच इंची स्लॅब. त्यामुळे जाडीचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागतं. पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएस फोमचा थर मीटरभर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो.

पण फोम आणायची घाई नको. इथला पहिला शत्रू ओल. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, गिलाव्याला पोपडे येतात, पांढरा क्षार फुलतो. आधी एक साधी तपासणी करा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब खालच्या बाजूला दिसले तर ओल जमिनीतली; वरच्या बाजूला दिसले तर हवेतली. पहिल्यावर उपाय फरशीखाली आणि पायथ्याशी करावा लागतो, दुसऱ्यावर हवा खेळती ठेवून. ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट लावणं मला सर्वांत घातक वाटतं. पाण्याची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढतं. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. लाकडाचा साठाही भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे वाळवी लागली तर वेळेत दिसेल.

आता छत. कोलकाता कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, म्हणून जूनच्या सुरुवातीला आणि जुलैत सूर्य अगदी माथ्यावर येतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. खरा मार खातो तो स्लॅब, आणि त्याखालोखाल पश्चिमेची भिंत. खिडक्या सताड उघड्या असल्या, तरी तापलेला स्लॅब वरून डोकं भाजतच राहतो. त्यामुळे पैसे मोजकेच असतील, तर ते छतावर घाला.

थर स्लॅबच्या वरून द्यायचा, खालून नव्हे. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी न शोषणारा एक्सपीएस, मग उताराचा कोबा आणि सर्वांत वर पांढरा चायना मोझॅक. उतार शंभराला एक तरी हवा. कोब्याचं वजन स्लॅबला पेलेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आतून उघडा थर्माकोल मुळीच नको. ग्राइंडरची एक ठिणगी पुरे.

पश्चिमेच्या भिंतीचं गणित वेगळं आहे. दुपारी शोषलेली उष्णता नऊ इंची भिंतीतून आत यायला काही तास लागतात. म्हणजे ऑफिसमधून येऊन संध्याकाळी रंधा हातात घेणाऱ्याला ती नेमकी त्याच वेळी भेटते. बाहेरून सावली करा: बांबूची चटई, वेल, पत्र्याचा पडदा, काहीही चालेल. एसी लावणार असाल, तर बाष्परोधक थर भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असू द्या. थंड देशांत तो आतून लावतात. इथे दमट हवा बाहेरून आत शिरते, म्हणून तसं केलं तर ओल भिंतीतच अडकते.

वायरिंग गिलाव्याआधी उरकून घ्या: करवतीच्या मशिनला १६ अँपिअरची वेगळी लाइन, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर वीजगळतीला तुटणारा आरसीसीबी. भुसा बाहेर टाकणारा पंखा दारासमोरच्या भिंतीत बसवा, म्हणजे वारा खोलीभर फिरून जातो.

छताचं काम नोव्हेंबरला काढा. हवा कोरडी असते, गिलावा नीट सुकतो आणि मार्च-एप्रिलमध्ये कालबैशाखीची पहिली वादळी सर येईपर्यंत गळती तपासायला हातात वेळ राहतो.