राइट बंधूंच्या इंजिनात प्लग नव्हता

उन्हाळ्यात लेहची विमानं सकाळी लवकरच का उडतात, असं एका वाचकानं विचारलं आहे. पारा १० अंशांवरून ४० वर गेला की तेवढ्याच जागेत मावणारी हवा सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि लेहला, ३२०० मीटर उंचीवर, ती मुळातच विरळ. इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचलही. उत्तर एवढंच, पण या निमित्तानं चार्ली टेलरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

चार्ली हा राइट बंधूंच्या डेटनमधल्या सायकल दुकानातला मेकॅनिक. हवं तसं हलकं इंजिन कुणी देईना, तेव्हा १९०२-०३च्या हिवाळ्यात त्यानं लेथ आणि ड्रिलच्या बळावर सहा आठवड्यांत ते घडवलं. त्यात स्पार्क प्लग नव्हताच! सिलिंडरच्या आत एकमेकांना टेकलेले दोन पॉइंट. मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनानंच फिरवलेल्या छोट्या जनित्राची, वीज त्यांतून वाहत असताना ते झटकन विलग व्हायचे आणि ठिणगी पडायची. चालू मिक्सरची पिन ओढली की निळी ठिणगी उडते ना, तीच ही.

आजच्यासारखा कार्ब्युरेटरही नव्हता. इंजिनाच्याच उष्णतेवर पेट्रोलची वाफ व्हायची, आणि तिथंच घात होता: आत येणारी हवाही तापायची. सुरू होताना १६ अश्वशक्ती देणारं इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत १२वर यायचं. राइट बंधूंचा हिशेब आठचा होता, म्हणून भागलं.

शिवाय पहिल्या उड्डाणाच्या दिवशी, १७ डिसेंबर १९०३ला, किटी हॉकच्या किनाऱ्यावर डबकी गोठली होती आणि समोरून जोराचा वारा होता. पुढच्या उन्हाळ्यात डेटनजवळच्या कुरणात नवं विमान नीट उठेना. जागा किनाऱ्याहून उंच, हवा गरम, वारा पडलेला. शेवटी सप्टेंबरमध्ये मनोरा उभारून, त्यावरून वजन खाली सोडून, दोरानं विमान पुढं खेचायची सोय करावी लागली.

आता छोट्या विमानांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर चालणारे. उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो. फार उतरले तर बहुधा प्लगवर काजळी किंवा शिसं साचलेलं असतं. प्लग साफ केले की गेलेली ताकद परत मिळते. उन्हानं नेलेली मात्र नाही, मग ‘ताकद वाढवणाऱ्या’ प्लगच्या जाहिराती काहीही म्हणोत. ठिणगी हवा आणत नाही.

चार्ली १९५६मध्ये गेला, जवळजवळ विस्मृतीत. पन्नास वर्षं काम केलेल्या मेकॅनिकांना अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन आता त्याच्या नावाचा पुरस्कार देतं. पायलटांचा पुरस्कार अर्थातच राइट बंधूंच्या नावाचा.